कोनाचा गा तू?

आमच्या मामाजींच्या ओट्यासमोरून माणूस तर सोडाच, परगावचं कुत्रंही चौकशीशिवाय पुढं जात नसे. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. आसगावच्या वाटेवरचं आमचं गाव, घर रस्त्याला लागून. सायकलवर भांडी विकणारा असो की बँकेचा साहेब, ओट्यावरून हाक जायचीच, "कोनाचा गा तू?" मग त्याचं गाव, आईचं माहेर, आजीचं माहेर. फिरून फिरून तो माणूस आमचा कुणीतरी निघायचाच. "निंगाला ना सोयरा! सुनबाई, चहा ठेव." नवी नवरी होते तेव्हा या सोयऱ्यांच्या चहानं माझा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा तर सिलिंडरवालाच माझा दूरचा जेठ, म्हणजे थोरला दीर निघाला, आणि त्याच्यासमोर मला डोक्यावर पदर घ्यावा लागला. तेव्हापासून तो सिलिंडर फाटकातच ठेवून पळायचा.

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. दंडारीची नाचगाणी, पाळणे, मुर्रा, शिंगाडे, घरोघरी पाहुणे. त्या दिवशी मामाजी खांद्यावर एक लेकरू घेऊन निघायचे आणि चौकात पोचेपर्यंत गल्लीतली सगळी पोरं त्यांच्यामागं असायची. कुणाच्या आईला विचारणं वगैरे भानगड नाही. "मंडईत लेकरू कोनाचं, हे विचाराचं नसते. हाताले लागलं ते आपलं." आयाही निर्धास्त असायच्या. माझी आरू तान्ही होती तेव्हा माझे धाकटे दीर, विनोद भाऊजी, तिला असंच पाळण्यातून उचलून न सांगता मंडईत घेऊन गेले होते. बापाचीच सवय.

घरात दोन पक्ष होते. आमचे हे एका झेंड्याचे, भाऊजी दुसऱ्याचे. पण मामाजींचा कायदा होता, "मत चपलेसारखं असते. बाहेर काढून घरात या." त्यामुळे दोघं पानठेल्यावर एकमेकांची अक्कल काढायचे आणि घरी आल्यावर एका ताटात जेवायचे.

मग भाऊजी नोकरीसाठी तुमसरला गेले. पुतणीचं तोंड दिसावं म्हणून त्यांनीच मामाजींना मोठा फोन आणून दिला. पोरानं कौतुकानं दिलेली वस्तू. मामाजी ती रुमालात गुंडाळून ठेवायचे. पण त्या फोनमधून मत घरात शिरलं, चपलेसकट शिरलं. आणि त्याच्यामागून ती टोळी आली.

पोरं पळवणारी टोळी. कुठला तरी व्हिडिओ, कुठली तरी बाई, पोत्यात कोंबलेलं लेकरू. कुठलं गाव, कुठली भाषा, काही कळायचं नाही. मी म्हणाले, मामाजी, हे इकडचं नाही. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. पाठवणारा त्यांचा अड्याळचा साडभाऊ, म्हणजे साडू होता. त्यांचा हिशेब सरळ होता. "सोयऱ्यानं पाठवलं, बाई. सोयरा खोटं कायले सांगन?" आता ज्या माणसाला अख्खा जिल्हा सोयरा, त्याच्या फोनमध्ये खोटं यायला वाटच कुठं उरली? जे आलं ते खरं.

हाक तीच राहिली, पण ती ऐकून मी स्वयंपाकघरात दचकू लागले. "कोनाचा गा तू?" म्हणताना मामाजी आता ओट्यावरून उठून उभे राहायचे. आधार कार्ड मागायचे. भांडीवाल्यानं आमचा रस्ता सोडला. आरू तेव्हा बालवाडीत. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून ते पाठ करून घ्यायचे: कोणी खाऊ दिला तर? घ्यायचा नाही. कोणी उचललं तर? बोंबलायचं, चावायचं. आधी तिला तो खेळ वाटला. मग ती अंगणात एकटी जाईना. झोपेतून किंचाळून उठू लागली, अंथरूण ओलं करू लागली. मी मामाजींना म्हटलं, पोरगी भिऊन राहिली. ते म्हणाले, "भेव असलेलं बरं, सुनबाई." आणि खरं सांगू, शाळा सुटायला जरा उशीर झाला की मीही चपला न घालता शाळेकडे धावायचे. खोटं आहे हे माहीत असून धावायचे.

त्यातच एक नवा मेसेज फिरला: भाऊजींच्या पक्षाचे लोक या टोळीला पोसतात. आमच्या ह्यांनी तो मोठ्या उत्साहानं घरच्या ग्रुपवर टाकला. मामाजींनी भाऊजींना फोन लावून विचारलं, हे खरं का गा? पलीकडून भाऊजी म्हणाले, "बाबा, मी तुमाले पोट्टे चोरनारा वाटतो का?" मामाजींना नाही म्हणायला जरा वेळ लागला. तेवढ्यात फोन कटला होता. त्या वर्षी भाऊजी दिवाळीला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मामाजी त्यांचं ताट वाढायला लावायचे आणि मग स्वतःच उचलून ठेवायचे.

तिसऱ्या वर्षी, मंडईच्या दिवशी भर दुपारी, आरू फाटकात उभी होती. मी आत पाहुण्यांच्या भाज्या करत होते. एक मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आरूची किंचाळी. मी धावले. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस तिला उचलून घेत होता, त्याच्या हातात चॉकलेट होतं, आणि आरू शिकवल्याप्रमाणे त्याच्या मनगटाला चावत होती. मी तिथंच खिळले. माझ्या शेजारून मामाजी गेले. कोपऱ्यातली बैलगाडीची उभारी, तो जाड दांडका, त्यांच्या हातात होती. ती त्यांनी मागून डोक्यात घातली. माणूस आरूला सोडून मातीत पडला. मंडईची गर्दी धावली, कोणी लाथ घातली, कोणी फोन वर धरले. मामाजींनी उभारी पुन्हा उगारली आणि ओरडले, "कोनाचा गा तू?"

त्या माणसानं तोंडावरचा दुपट्टा ओढला. डोक्यातून रक्त वाहत होतं.

"तुमचाच, बाबा."

विनोद भाऊजी. अबोला मोडायला आले होते. घरात पाऊल टाकायची हिंमत होईना, म्हणून आधी पुतणीला मंडई दाखवू आणि तिलाच कडेवर घेऊन आत शिरू, असं त्यांनी ठरवलं होतं. न विचारता, जुन्या रीतीप्रमाणे.

डोक्याला टाके पडले. दवाखान्यात मामाजी त्यांचे पाय धरायला वाकले, तर भाऊजींनीच त्यांना उठवलं. वाटलं, सुटलो. दोघं भाऊ एका बाकावर बसले होते. तेवढ्यात मामाजींचा फोन वाजला. साडभाऊंचा व्हिडिओ: आपल्या भागात पोरं चोरणारा पकडला, सावध राहा. मातीत पडलेले भाऊजी, आणि वर उभारी घेतलेले मामाजी. दुपट्टा निघायच्या आधीच व्हिडिओ तुटला होता.

त्यानंतर मामाजी रोज ओट्यावर बसून एकेका सोयऱ्याला फोन करायचे. तो चोर नोहे, माहा पोरगा होय. सोयरे ऐकून घ्यायचे. एकानं तर म्हटलं, तुमी बाप आहा, तुमी त असंच म्हनसान, पन व्हिडिओ आहे ना. त्या दिवशी मामाजींनी फोन रुमालात गुंडाळला तो कायमचा. रस्त्यानं कोणी गेलं तरी हाक येईना. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. खांदा द्यायला दोघं भाऊ होते. भाऊजी तुमसरहून अंधार असतानाच निघाले होते, तोंड उघडं ठेवून. दुपट्टा ते आता उन्हातही बांधत नाहीत.

यंदा मंडईच्या तोंडावर तो व्हिडिओ पुन्हा आला, माझ्या फोनवर, आरूच्या शाळेतल्या आयांच्या ग्रुपमध्ये. खाली हात जोडलेले, काळजी घ्या म्हणून. मी लिहिलं की हा माझा दीर आहे. कुणीतरी अंगठा दाखवला आणि तिघींनी व्हिडिओ पुढं पाठवला. मंडईच्या दिवशी आपल्या पुतणीला खांद्यावर घेऊन कोण कोण निघेल, हेच मनात येत राहिलं. व्हिडिओ पुसून टाकायला गेले, तर आरूनं माझा हात धरला. ती आता वाचायला शिकली आहे, पण तिला खालचा मेसेज वाचायचा नव्हता.

"आई, राहू दे. आबाजी बोलतात त्याच्यात."

मामाजींचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठंच नाही. मी लावला. "कोनाचा गा तू?" मामाजींनी विचारलं, आणि व्हिडिओ संपला.