मामांचा नारळ आणि माझा स्कॅनर

लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो मी. करणी, भानामती असलं काही कानावर आलं की मला आधी हसू येतं, मग कीव. हे आधीच सांगून ठेवतो, कारण खाली लिहिलंय ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं.

दुपारी दोन बॅचच्या मध्ये मी कॉम्प्युटरवर अंतराळाचा एक गेम खेळतो. ग्रह स्कॅन करायचा, स्कॅनरची रेघ उसळली की तिथं प्रोब, म्हणजे छोटं शोधयान, सोडायचा, खनिज वर येतं. प्रोब मोजकेच असतात. अडाणी लोक अख्खा ग्रह चिवडत बसतात... मी पट्टे आखून जातो, एक प्रोब वाया घालवत नाही.

माझे सासरे — मामा — शिरूर अनंतपाळकडचे पाणाडे. तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथं बोअर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जमिनीतलं पाणी हललं तेव्हा गावोगाव त्यांनाच बोलावणं असायचं. पण एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन बोअर कोरडे गेले. मुखेडहून एकाचा निरोप आला, तरी जायला धजेनात. आमच्याकडे येऊन स्वतःच्या हाताकडे बघत बसायचे. माणूस खचला होता, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. थोतांड एकदाचं संपेल.

म्हणून मीच डिवचलं. "मामा, ह्या ग्रहावर दाखवा की."

"चेष्टा करायलात जावईबापू. करा." देवघरातला नारळ घेऊन ते स्क्रीनसमोर बसले. "न्हाई लागलं तर मुखेडला न्हाई म्हणून कळवा. पुन्हा नारळ धरणार न्हाई."

मी ग्रह हळूहळू फिरवला. रेघ अगदी सपाट होती, तिथंच नारळ उभा राहिला.

"टाका."

"मामा, इथं शून्य आहे."

"हाव. टाका."

टाकला, आणि तोही खुशीत. प्लॅटिनम आलं... इतकं की माझं कोठार भरलं. मामा उठले. नारळ पिशवीत घालून संध्याकाळच्या एसटीनं मुखेडला गेले. तिथं पाणी लागलं.

मुखेडचं पाणी योगायोग म्हणून सोडून देतो. पण गेमचं काय? नवा डाव मांडून त्याच ग्रहावर, त्याच जागी प्रोब टाकले. काही नाही. गेम खेळणाऱ्या मित्रांनी टाकून पाहिले, त्यांनाही नाही. बग म्हणावा, तर नारळ त्याच्या आधी उभा राहिला होता. 

शेवटी एका दुपारी, बायको बाजारात गेल्यावर, दार लावून मीच तळहातावर नारळ धरून स्क्रीनसमोर बसलो. पाऊण तास. तसूभर हलला नाही. संध्याकाळी बायकोनं त्याची चटणी केली.