दादाच्या रेकॉर्डवरचं कुंकू

त्या वर्षी गणपतीला दादा मुंबईहून घरी, आचऱ्याला आला तो काखेत एक चपटं पुडकं घेऊनच... साठच्या दशकातली गोष्ट. त्याने स्वतः चाल दिलेली पहिली रेकॉर्ड होती ती!

त्याआधी दादा मुंबईच्या एका हॉटेलात रॉक अँड रोल वाजवायचा. केस वाढवलेले, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार... आमचे बाबा शाळामास्तर आणि देवळातले भजनीबुवा. "लोक जेवतत नि तू वाजवतंस?" एवढं एकदाच म्हणाले आणि त्याच्याशी बोलणंच सोडलं. तो घरी आला की जेवायला बोलावणंसुद्धा आईमार्फत. दोघेही एक नंबरचे हट्टी!

पुढे दादाने बँड सोडला आणि रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत लागला. कोण गाणार, मागे कुठली वाद्यं, सगळं ठरवून गाणं रेकॉर्ड करवून घ्यायचं हे त्याचं काम. मग हळूहळू स्वतःही चाली देऊ लागला. बाबांनी मात्र चकार शब्द काढला नाही. दादाला ते फार लागायचं.

आमच्याकडे घरात काही नवं आलं की आधी देवाला. आईने रेकॉर्ड गणपतीपुढे ठेवली. आरती झाली, वाडीतली मंडळी देवाला साकडं घालायला, गाऱ्हाण्याला उभी राहिली... आणि बाबांनी रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून तिला ओलं कुंकू लावलं. चांगलं बोटभर, नेमकं रेघांवर! अगो बाई! मी दादाकडे बघितलं. तेवढ्यात बाबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, चक्क आपल्या मुलासाठी!

"ह्या माझ्या झिलान गाण्याचो जो काय उद्योग हाती घेतलो हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मग शेजारच्या काकांचा चावीचा ग्रामोफोन आणला. गाणं सुरू झालं आणि दर फेऱ्याला खर्र... खर्र... बाबांचा चेहरा एवढासा झाला.

"माझ्यामुळा बिघाडली मां रे?" कितीतरी वर्षांनी ते दादाशी स्वतःहून बोलले.

"नाय बाबा. बरा लागता ता. ऱ्हवांदे."

दादाने पुढे पुष्कळ रेकॉर्डी केल्या, नावही झालं. पण घरी कुणी आलं की हीच लावायचा. पुसून देऊ का, असं कुणी म्हटलं की अंगावर यायचा. "माझ्या बापाने लावलंय ते!"

रेकॉर्डला कुंकू कुठे लावतात ते बाबांना ठाऊक नव्हतं... बरंच झालं बाई.