स्वयंपाकघरातली डिश

आमची वहिनी दिवसभर अँटेनांची तोंडं वळवते, तीही संगणकात. कोणती अँटेना कुठं बघते, समोर किती जोरात बोलते, बाजूला किती सांडते, हे सगळं भरून ती कोण कोणाच्या कानात ओरडेल ते सांगते. कानात ओरडणाऱ्याला परवानगी नाही. या कामापायी तिचे हातवारे इतके वाढलेत की तिच्याशेजारी चहाचा कप घेऊन बसायचं धाडस मी करत नाही.

त्या रविवारी मात्र तिचे हात मांडीत गप्प होते. डोंगरातल्या एका शाळेला इंटरनेट हवं होतं. दोन वर्षं अर्ज फिरत होता, आणि शाळेची डिश शेजारच्या उपग्रह केंद्राला बहिरं करेल, असंच उत्तर दरवेळी येत होतं. सोमवारी नकारावर सही तिलाच करायची होती.

"एकदा मांडून बघू," असं म्हणून तिनं आम्हाला उठवलं.

आई पूर्वेला, ओट्यापाशी. ती उपग्रह केंद्र. दादा उत्तरेला, फ्रिजला टेकून. तो शाळेला इंटरनेट देणारा मनोरा. मी मधोमध छातीशी पातेलं धरून डिश झालो.

"उत्तरेकडून उजवीकडे नव्वद अंश," वहिनीनं अर्जातला आकडा वाचून फर्मावलं. मी वळलो. पातेलं थेट आईसमोर.

"कान किटले माझे," आई भूमिकेत शिरून म्हणाली.

"ते ठीक," दादा फ्रिजमधून काकडी काढत म्हणाला, "पण मग मी कशाला उभा आहे? हा माझ्याकडे बघतच नाही."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षांच्या संसारात दादा पहिल्यांदाच कामाचं बोलला असावा. तिनं अर्जावरचा नंबर लावला. अर्ज शाळेच्या गणिताच्या सरांनी भरला होता.

"सर, नव्वद अंश कुठून मोजलेत?"

"पूर्वेकडून, डावीकडे वळत. फळ्यावर मोजतो तसेच. म्हणजे सरळ उत्तर. का हो?"

वहिनी हसत हसत खुर्चीत कोसळली. ते बघून आम्हीही हसत सुटलो, का ते न कळताच. तिच्या हिशेबात उत्तर म्हणजे शून्य. तिनं लॅपटॉपवर नव्वदच्या जागी शून्य टाकलं, आणि नकाशात केंद्रावरचा लाल डाग हिरवा झाला.

"सर, उद्या परवानगी देते."



"म्हणजे दोन वर्षं मीच पोरांच्या आड आलो," सर म्हणाले.

"तुम्ही नाही, सर. आम्ही कुणी विचारलंच नाही."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. मी पातेलं दादाकडे वळवलं. त्यानं काकडी उंचावून पोच दिली.