सगळ्यांना मान्य आहे असं समजून…

त्या शनिवारी हाफ डे होता, ऑफिसातून थेट पनवेलला एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, घरी कॉम्प्युटर वगैरे आमच्यासारख्यांकडे नव्हता. मला एकच मेल टाकायचा होता… "ठरलं, सगळ्यांना मान्य आहे." तेवढा टाकला की मी सुटले.

सांगते काय ते. माझ्या अनिकेतला जन्मापासून ऐकू येत नाही. अशा मुलांच्या आईवडिलांची आमची एक मेलिंग लिस्ट होती… एकाने मेल टाकला की तो सगळ्यांना जायचा. आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपची आजी म्हणा. ती सांभाळायला कोणी पुढे येईना, म्हणून माझ्या गळ्यात पडली.

आणि काय सांगू, जीव मेटाकुटीला यायचा. नोकरी, अनिकेतची शाळा, घरातलं सगळं… आणि वर या लोकांचे रुसवेफुगवे. साधी गोष्ट ठरवायची म्हटली तरी तिला इतके फाटे फुटायचे की मूळ विषय काय होता तेच विसरायला व्हायचं.

शेवटी आम्ही एक नियम केला. कोणीही प्रस्ताव मांडावा, आठवडाभर थांबायचं, कोणाची हरकत आली नाही तर सगळ्यांना मान्य. खरं सांगते, त्या नियमाने मला जरा बरे दिवस आले होते.

तर त्या आठवड्यात पुण्याच्या एका इंजिनिअर वडिलांनी प्रस्ताव मांडला, की यापुढे लिस्टवर सगळ्यांनी फक्त इंग्रजीत लिहावं. माणूस वाईट नव्हता हो. इंग्रजीत लिहिलं तर परदेशातले डॉक्टरही लिस्टवर येतील, उत्तरं देतील, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातले बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, ते त्या डॉक्टरांना काय कळणार…

मला वाटलं, झालं, आता पेटणार. धास्तीनेच मेल उघडायचे. पण आठवडा संपत आला तरी कोणी हूं की चूं केलं नाही. एवढं एकमत आमच्यात आधी कधी झालेलं मला तरी आठवत नाही.

तर त्या शनिवारी चपला बाहेर काढून कॅफेत गेले तर दामूदादा बसलेले. उरणकडचे, मासेमारी करणारे, आमच्या लिस्टवरचेच. त्यांची छोटी सोनाली शेजारी… छातीवर पट्ट्याने बांधलेलं ऐकण्याचं मशीन, त्यातून कानापर्यंत गेलेली वायर. शनिवारी तिला पनवेलला स्पीच थेरपीला आणायचे आणि मग इथे बसून मेल वाचायचे.

समुद्राच्या हवेने सोनालीच्या मशीनमध्ये ओल जायची, ते सारखं खरखरायचं. खरखरलं की ती ते काढून फेकायची, आणि मग शिकवलेलं सगळं पाण्यात. दादांनी लिस्टवर विचारलं तेव्हा नागपूरच्या एका आईने लिहिलं, रात्री मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळात ठेवत जा. मशीन चालायला लागलं, आणि दादांचा त्या लिस्टवर जीव जडला.

मला बघून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, ह्या काय लिवलंय? सगला इंग्रजीन हाय. आमाला काय समजला नाय."

तो प्रस्तावच होता.

मी मराठीत सांगितला. सोनाली आपली दादांच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. ते म्हणाले, "मंग मी आता इचारू कोनाला? आनि मी बोललो नाय, तं ते माजा हो झाला?"

ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना बाहेर ठेवायचं, हे आम्ही त्यांना इंग्रजीतूनच विचारत होतो… आणि ते गप्प बसले म्हणून खूशही होतो.

मुदत त्या रात्रीपर्यंत होती, मीच घाईने आधी मेल टाकायला निघाले होते. म्हटलं, दादा, हरकत असेल तर आत्ता लिहा. त्यांना खरंच वाटेना. त्यांच्या एकट्याच्या लिहिण्याने काय होणार, असं म्हणत होते. मी म्हटलं, एकाची पुरते, नियमच तसा आहे.

मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं… MAJI HARKAT HAY. सगळी मोठी अक्षरं, कीबोर्डवर छापलेली असतात तशीच उमटावीत म्हणून कॅप्स लॉक दाबून. मी माझा मेल न टाकताच घरी आले.

दोन-तीन दिवसांत मेलवर मेल. नातवासाठी लिस्टवर आलेल्या साताऱ्याच्या एका आजींनी लिहिलं, मला वाटलं इंग्रजीतलं आहे म्हणजे माझ्या कामाचं नसेल. मग तसंच आणखी चार जणांनी कबूल केलं. इंजिनिअरसाहेबांनी स्वतःच प्रस्ताव मागे घेतला, तोही मराठीत लिहून.

शेवटी ठरलं, ज्याला जमेल त्या भाषेत लिहावं आणि इंग्रजी मेलखाली मराठीत थोडक्यात सांगावं. ते थोडक्यात कोणी लिहायचं? अर्थात माझ्याच गळ्यात. पुढे कित्येक वर्षं लिहीत होते, वैतागत, पण लिहीत होते.

आता सोसायटीच्या ग्रुपवर "कोणी काही बोललं नाही, म्हणजे फायनल" असं आलं की मी विचारते, सगळ्यांना कळलंय का, सगळ्यांपर्यंत पोचलंय का? लोक म्हणतात, आल्या या आडव्या. मीही दमलेय हो… पण त्या दिवशी दामूदादा भेटले नसते, तर सोनालीचा बाप लिस्टबाहेर गेला असता आणि मी खाली लिहिलं असतं, एकमताने मंजूर.

दादा, त्या एका हरकतीबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.