कोटाच्या खिशातला हुरडा

मंडळी, आधीच सांगून टाकते — मी कळंबच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, लिंबू-मिरची, मांजर आडवं जाणं... या सगळ्यावरून वर्गात पोरांची यथेच्छ फिरकी घेणारी बाई मीच. त्यामुळे हा अनुभव आठ वर्षं कुणाला सांगितला नव्हता. गेल्या महिन्यात जे घडलं ते घडलं नसतं, तर आजही गप्पच बसले असते.

आमचं शेत कळंबहून येरमाळ्याकडं जाताना, रस्त्यापासून जरा आत आहे. तिथं वडिलांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, राहायचे. "लग्न न्हाय केलं, ज्वारी केली," असं स्वतःच सांगायचे. हुरड्याच्या दिवसांत बांधाशेजारी खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची आणि गरम गरम तळहातावर चोळून द्यायची, हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. बाकी सगळे हुरडा लसणाच्या चटणीशी खायचे. मला लहानपणी तिखट सोसायचं नाही, म्हणून तात्या माझ्या वाट्याच्या हुरड्यात बत्तासा चुरून घालायचे. आईनं माझ्या किडक्या दातांपायी गोड बंद केलं होतं, त्यामुळे हा सगळा चोरीचा मामला. बत्तासा त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. मी मोठी झाले, ठेचा खायला लागले, तरी तो बत्तासा काही सुटला नाही. घरात कुणालाही हे माहीत नव्हतं.

अकरावीत असताना माझी एका एक्सचेंज प्रोग्रॅममध्ये निवड झाली. वर्षभर डेन्मार्क! घरात पेढे वाटले. तात्या तेवढे फुगून बसले.

"मग हुरड्याला कोण हाय?"

मला संताप आला. म्हटलं, "हुरडा काय तात्या, दरवर्षीच असतो!"

मी निघाले त्या दिवशी स्टँडवर सगळी भावकी आली होती, तात्या शेतातून आले नाहीत. मीही पाया पडायला गेले नाही. सतराव्या वर्षी माणसाला लई अक्कल असते ना...

तिकडं आधी एका कुटुंबात चार महिने राहिले, मग कर्स्टनच्या घरी गेले. साठी उलटलेली, एकटी राहणारी, शेतकऱ्याची लेक. तिथं सगळे एकमेकांना नावानंच हाका मारतात, पण एवढ्या मोठ्या बाईला नुसतं "कर्स्टन" म्हणायला माझी जीभ रेटेना. मी मावशी म्हणायला लागले. तिला ते इतकं आवडलं की फोन उचलताना ती स्वतःच "मावशी!" म्हणायची. तिचा जुना लोकरी कोट तिनं मला दिला, एका खिशाला नवं अस्तर शिवून. शिस्तीला मात्र कडक. घरी फोन करायचा तो फक्त रविवारी, कारण रोज फोन केला की पोरं रडत बसतात, असा प्रोग्रॅमचा नियम होता.

दर रविवारी मी विचारायचे, "तात्या कुठंयत?"

दर रविवारी आई म्हणायची, "शेतात."

मला वाटायचं, म्हातारा अजून रुसलाय. रुसू दे.

जानेवारीतला बुधवार होता. शाळा लवकर सुटली, दुपारी बाराच्या सुमाराला घरी आले. बाहेर गुडघाभर बर्फ. कोट खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकघरात गेले, तर मागून मावशीची हाक आली.

"काय जळतंय?"

वास मलाही आला होता. गोवऱ्यांचा धूर... आणि भाजलेली कणसं. मी जागच्या जागी उभी राहिले. त्या घरात चूल नव्हती, गॅससुद्धा नव्हता. मावशी वास घेत घेत कोटापाशी गेली, तिनं खिशात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. मग पुन्हा घातला आणि मूठ माझ्यापुढं उघडली.

हुरडा होता. हिरवागार, चोळलेला, राख चिकटलेला... आणि गरम.

मावशीनं एक चिमूट तोंडात टाकून चावली. शेतकऱ्याच्या लेकीला धान्य दिसलं की दाताखाली घातल्याशिवाय कळत नाही, तिकडंही नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी फोन कर."

"आज बुधवार आहे, मावशी."

"कर म्हणते ना."

फोन माझा भाऊ महेश यानं उचलला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "तात्या शेतात हायत."

"व्हिडिओ लाव."

तो रडायलाच लागला. तात्या महिनाभर सोलापूरच्या दवाखान्यात होते. पोर परमुलखात, तिच्या जिवाला घोर नको, म्हणून सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्यांना परत आणलं. त्या दुपारी ते हट्टानं शेतात आले होते. बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी एक कणीस स्वतः चोळलं, "पोरीचा वाटा" म्हणून बाजेच्या कडेला ठेवलं.

महेशनं फोन त्यांच्यापुढं धरला. किती वाळले होते...

"आलीस का गं?" तात्या म्हणाले. "खाल्लास का हुरडा?"

महेश मागून पुटपुटला, "त्यास्नी भान न्हाय, अक्का."

"व्हय तात्या," मी म्हणाले. "खाते. गरमच हाय अजून."

मी फोनसमोर तो सगळा हुरडा खाल्ला. ते बघत राहिले. मी म्हणाले, "तात्या, माझं चुकलं." ते म्हणाले, "खा. बोलू नगं, ठसका लागंल."

शुक्रवारी तात्या गेले.

पुढं महेश म्हणाला, कडेला ठेवलेला हुरडा नंतर दिसलाच नाही, चिमण्यांनी खाल्ला असेल. असेलही. विज्ञानाच्या बाईनं पुरावा म्हणून दोन दाणे तरी ठेवायला हवे होते, पण मी पुरावा खाऊन टाकला! एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही, मावशीलाही नाही. तो हुरडा गोड लागला होता. मी मनाशी ठरवून टाकलं की हा आठवणीचा खेळ. कोवळी ज्वारी असतेच जराशी गोड. आठ वर्षं हेच स्वतःला पटवत आले.

गेल्या महिन्यात कर्स्टनमावशी पहिल्यांदाच आमच्याकडं आली. आम्ही तिला शेतात नेलं. आता आगटी महेश पेटवतो. त्यानं कणीस चोळून तिच्या हातावर हुरडा दिला, वर लसणाची चटणी. मावशीनं तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"तोच," ती म्हणाली. मग डोळे उघडून महेशला इंग्रजीत विचारलं, "पण यात साखर का नाही? त्या दिवशी होती. कचकच लागली होती दाताखाली."

महेशला हसू आवरेना. "अक्का, हुरड्यात साखर कोण खातंय गं?"

मी बांधावर बसून लहान पोरीसारखी रडले.

तुमच्यापैकी कुणाकडं स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा. माझ्याकडं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून पावशेर बत्तासे तेवढे आणले. शेतात मावशीच्या हातावरच्या हुरड्यात चुरून घातले, मी घेतले, आणि एक वाटा तात्यांच्या बाजेच्या कडेला ठेवला.