फुलदाणीजवळची फळं

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी गुलाबांनी माना टाकल्या. गुलछडीच्या कळ्या तर न उमलताच टेबलावर गळून पडल्या होत्या. आणि फुलदाणीच्या शेजारी, जेमतेम वीतभर अंतरावर, केळी-सफरचंदांची थाळी ऐटीत बसली होती. ती मी ठेवलेली नव्हती.

फुलं कशी टिकवायची हे मला कोणी शिकवू नये. झाशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तीस वर्षं मी शरदातली फुलं मांडली. देठ तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पानं खुडायची, पाणी रोज बदलायचं, त्यात चिमूटभर साखर आणि लिंबाचे दोन थेंब. मागे कास गवताचे पांढरे तुरे, मध्ये गुलछडी, पुढे शेवंती आणि गुलाब. दसऱ्याला सोनं द्यायला येणारे ह्यांच्या ऑफिसातले लोक माझ्या आधी फुलदाणीला नमस्कार करतात, असं हे चिडवायचे. हे गेले, आणि यंदा श्रावणात मी झाशीतच, सीपरी बाजार भागात, मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. माझ्या सामानातली ती फुलदाणी तेवढी बाहेरच्या खोलीत आली, बाकी सगळं माळ्यावर गेलं.

सून इथल्या जवळच्याच चिरगावची. मराठी तिला समजते, पण बोलायला लाजते. आमचं भांडण एकदाही झालेलं नव्हतं आणि तेच मला खुपत होतं. इतकं गोड कोणी उगाच वागत नाही. मी हिला घरात नकोय, फक्त तोंडाने म्हणत नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. दसऱ्यानंतर नागपूरला मुलीकडे कायमची जाणार की इथेच राहणार, हे रविवारपर्यंत मुलाला सांगायचं होतं, म्हणजे तो तिकीट काढणार. मी रविवारची वाट बघत पुरावे गोळा करत होते.

पुरावे भरपूर होते. पहिल्या दिवशी तिने उपासाला कुट्टूच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या उपासाच्या पिठाच्या, पुऱ्या तळल्या. "आपल्यात हे चालत नाही," म्हणून मी पहाटेच शिजवून ठेवलेली माझी भगर खाल्ली. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीजवळच्या टेबलावर ही थाळी आली आणि फुलदाणी भिंतीकडे सरकली. मी फुलदाणी पुन्हा मध्ये ओढली. संध्याकाळी बघते तर थाळी तिला खेटून. आज सकाळी थाळीत पुन्हा नवी फळं आली. मी त्यांना हातही लावला नाही. टेबलावर कोण राहतं ते बघूच, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी कोमेजलेला गुलाब रुमालात बांधून मी बाजारात फूलवाल्याकडे गेले. शिळा माल गळ्यात मारला म्हणून त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. त्याने गुलाब उलटसुलट करून बघितला.

"काए माताजी, फूल के पास पके फल तो नहीं धरतीं? केला, सेब? पका फल फूल को मार देता है."

परत येताना रिक्षात माझं डोकं भणभणत होतं. चिरगावची शेतकऱ्याची मुलगी ती, तिला हे ठाऊक नसेल? मुद्दाम केलं! तोंडाने "मम्मीजी, मम्मीजी" आणि माझ्या फुलांच्या उशाशी केळी! नागपूरचं तिकीट आजच काढायला सांगायचं, असं मी ठरवूनच जिना चढले.

चप्पलसुद्धा न काढता मी थाळी उचलली आणि स्वयंपाकघरात तिच्यासमोर ओट्यावर आदळली. "मला घालवायचं असेल तर सरळ सांग. फुलांना कशाला मारतेस?"

तिला आधी काही कळलंच नाही. मी फूलवाल्याचं सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"हमें नहीं पता था, मम्मीजी," ती म्हणाली. "कुट्टू आपके यहाँ चलता नहीं. साबूदाना, भगर हमसे आपके जैसा बनता नहीं. फल तो दोनों के व्रत में चलता है. आप दिन भर फूलों के पास बैठती हैं, तो वहीं रख दिया." मग तिने पदराने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. "तीन दिन से देख रहे हैं. आपने एक दाना नहीं छुआ. भोर में उठकर अपना अलग बना लेती हैं. हम समझ गए थे कि आप हमारे हाथ का खाना नहीं चाहतीं."

मला शरम वाटली. मी तिच्यावर पाळत ठेवून होते आणि ती सगळा वेळ माझं ताट बघत होती. विटाळ मानणारी सासू! माझ्याबद्दल हे कोणी म्हणेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"तसं नाही गं," मी म्हटलं. थाळीतलं एक केळं घेतलं, तिथेच उभ्याने सोललं आणि खाल्लं. ती बघत होती. मग दुसरं घेतलं. भूक अजिबात नव्हती, तरी ते संपवलं.

ती अजून बघतच होती. तिने ठेवलेलं मी मनापासून खातेय, हे तिला खरं वाटत नव्हतं.