जागेवरून उठू नये

"मावशी, जरा पाणी."

सर एवढंच बोलले. मान वर न करता. मोबाइलमध्ये बघत.

आणि मी उठले.

माझ्यासमोर कॉम्प्युटर होता. त्यावर माझा पेपर होता, बीएच्या शेवटच्या वर्षाचा, समाजशास्त्राचा. पेपरच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात माझाच चेहरा दिसत होता, कारण कॅमेरा चालू होता. मी त्या चौकोनातून निघून गेले. मागे रिकामी खुर्ची राहिली. पॅन्ट्रीत जाऊन ग्लास विसळला, जारमधून पाणी भरलं, खाली बशी, वर झाकण, असं नीट आणून सरांच्या टेबलावर ठेवलं. मग जागेवर येऊन पदर सावरला आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला. प्रश्न होता सामाजिक स्तरीकरणाचा.

हसा. मला तेव्हा हसू आलं नाही. काही घडलंय हेच मला कळलं नव्हतं.

मी मीरा रोडच्या एका खासगी कॉलेजात शिपाई आहे. कॉलेजात मला नाव नाही. प्राचार्यांपासून फर्स्ट इयरच्या पोरांपर्यंत सगळ्यांची मी मावशी. एवढे भाचे असलेली बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल. पण एकाही भाच्याच्या लग्नाला अजून बोलावणं आलेलं नाही.

पोरगी कॉलेजात गेली आणि मला शिकायचं सुचलं. म्हणजे वय बघा. ऑफिसात क्लार्कची जागा रिकामी होणार होती. पदवी असेल तर आतल्याच माणसाला घेऊ, असं प्राचार्य स्वतः म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. लेक्चरं मोबाइलवर. काशीमीरा नाक्यावर रिक्षाची वाट बघत मी ती ऐकायचे. ट्रक आला की समाजशास्त्र बंद, ट्रक गेला की चालू. माझ्या शिक्षणात जी भोकं राहिली आहेत ती त्या ट्रकांची.

शिकणं घरबसल्या. परीक्षा मात्र केंद्रावर, देखरेखीखाली. कुणी पुस्तक उघडून लिहू नये म्हणून. समोर सुपरवायझर, टेबलावर कॅमेरा. कॅमेऱ्यात जे दिसतं आणि अगदी जवळून जे ऐकू येतं ते नंतर विद्यापीठात तपासतात. आमच्या भागातलं केंद्र म्हणजे आमच्याच कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, आणि सुपरवायझर आमच्याच कॉलेजचे सर. रविवारी.

आणि केंद्राची मांडामांड करणार कोण? मावशी.

मी त्या रविवारची ड्युटी माफ करा म्हणून सांगायला गेले होते. हेड क्लार्क म्हणाले, "अगं, येणारच आहेस ना परीक्षेला? मग जरा लवकर ये, सगळं लावून टाक आणि बस की निवांत." इतक्या मायेने म्हणाले, की मी वर थँक्यू म्हणून आले.

तर युनिफॉर्मची निळी साडी नेसून गेले. कीबोर्ड पुसले. टेबलांवर बैठक क्रमांक चिकटवले. माझाही मीच चिकटवला; वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा सरळ लावला. दारावर सूचनांचा कागद लावला. त्यात ठळक अक्षरात होतं: परीक्षार्थीने जागेवरून उठू नये. त्याचे चारी कोपरे चिकटपट्टीने दाबून दाबून बसवले मीच.

निकाल आला. बाकी सगळे पेपर पास. समाजशास्त्रापुढे लिहिलं होतं: गैरप्रकार. परीक्षार्थी कॅमेऱ्याबाहेर गेली. पेपर रद्द.

सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये ते डबा उघडून बसले होते. मी उभी. तिथे मी कायम उभीच असते, माझ्यासाठी कुणी कधी खुर्ची सरकवलेली नाही.

म्हटलं, "सर, तुम्ही पाणी मागितलंत म्हणून मी उठले. तेवढं विद्यापीठाला लिहून द्या."

सर हसले. "अगं, असं लिहिलं तर माझ्यावरच येईल ना. मी मागितलं, पण तू नाही म्हणायचंस." घास गिळून म्हणाले, "आणि तुम्हा लोकांना काय, पुन्हा पुन्हा संधी मिळतेच. पुढच्या वेळी दे."

तुम्हा लोकांना.

म्हणजे माझं आडनाव सरांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत नावाने हाक मारायची वेळ आली नाही, पण आडनाव बरोबर लक्षात होतं.

माझ्या मागच्या टेबलावर शांती नगरची एक मुलगी बसली होती. तिच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान आहे. तिथे गेले. म्हटलं, "बेटा, सर ने पानी मांगा, तूने सुना था ना? लिखके देगी?"

ती खाली बघून म्हणाली, "सुना था आंटी. लेकिन मेरा भी एक पेपर बाकी है."

तिचंही खोटं नव्हतं. मी दोन रुमाल घेऊन परत आले. इतक्या लांब गेलेच होते म्हणून.

घरी सांगितलं. आमचे हे गोदामाचा टेम्पो चालवतात. ऐकून घेतलं आणि आंघोळीला गेले. पोरगी म्हणाली, "मम्मी, तू वेडी आहेस का? पेपर सोडून पाणी?" सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या परभणीकडच्या. त्या दोन गोड शब्द बोलतील असं मला उगाच वाटलं. सासूबाई आणि गोड शब्द आमच्या घरात कधी एकत्र नांदलेले नाहीत.

त्या म्हणाल्या, "पाटील रस्त्यानं निघाला की आमी वट्यावरून उठायचो. न्हाई उठलं तर मारायचे."

मेथीची काडी मोडली.

"तुला कोण मारत व्हतं?"

  कुणी मारत नव्हतं. सरांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. 'जरा' म्हणाले होते. मारणारं कुणी नसताना माझे पाय उठले. डोक्याला न विचारता. मी शहरात आले, बुद्धविहारात रांगेत बसून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, पोरीला शिकवलं. पाय गावातच राहिले होते. वट्याजवळ.

मग मी स्वतःवर नजर ठेवायला लागले. बेल वाजली, उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, उठले. कुणीतरी खोकलं, तरी उठले. एकदा बसमध्ये मागे कुणीतरी "मावशी" म्हणालं आणि मी उठून उभी राहिले. तो दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत होता. माझी जागा गेली ती गेलीच. शेजारी उभ्या एका बाईने ती आनंदाने घेतली. त्या दिवशी मी हसले. घरी येऊन रडले.

पुढचं सत्र आलं. क्लार्कची जागा अजून भरायची होती. या वेळी मी रजेचा अर्ज दिला.

हेड क्लार्क म्हणाले, "मग मांडामांड कोण करणार?"

"ते मला माहीत नाही. त्या दिवशी मी परीक्षार्थी आहे."

पोरीने मोरपंखी साडीला इस्त्री करून दिली. मी पुढच्या गेटने गेले. वॉचमन बघतच राहिला, "अरे मावशी, आज इधर से?" टेबलावर माझा बैठक क्रमांक कुणीतरी वाकडा चिकटवला होता. हात शिवशिवले. तसाच राहू दिला.

सुपरवायझर तेच सर.

अर्धा पेपर झाला असेल.

"मावशी, आज पाणी नाही ठेवलं?"

खोटं कशाला सांगू. टाचा उचलल्या गेल्या होत्या. मी दोन्ही पाय खुर्चीच्या पायांमागे अडकवले.

"मावशी!"

सगळी लॅब ऐकत होती. शांती नगरची मुलगीसुद्धा. तिचाही एक विषय राहिला होता. सर चालत माझ्या टेबलापाशी आले. "ऐकू येत नाही का?"

सूचनांच्या कागदावर हेही होतं, की परीक्षार्थीने बोलू नये. उठले तर गैरप्रकार, बोलले तर गैरप्रकार. आणि गप्प बसले असते तर सर तिथून हलले नसते.

मी सरांकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं. माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. बैठक क्रमांक सांगितला. म्हटलं, "पेपर चालू आहे आणि सुपरवायझर मला पाणी आणायला सांगत आहेत. मागच्या वेळीही त्यांनीच सांगितलं होतं. मी परीक्षा देते आहे. मी उठणार नाही."

त्या छोट्या चौकोनात माझ्या खांद्यामागे सरांच्या कमरेचा पट्टा दिसत होता. पट्टा जरा मागे सरला. मग चौकोनातून निघून गेला.

मी राहिले.

पेपर पूर्ण लिहिला. तोंडाला कोरड पडली होती. पाणी मी पेपर संपल्यावर प्याले.

आता काय झालं ते सांगते. माझा निकाल राखून ठेवलाय. कॉलेजने उद्धट वर्तनाचा मेमो दिलाय. माझी ड्युटी ऑफिसमधून काढून तळमजल्यावरच्या संडासांवर लावलीय. क्लार्कच्या जागेवर एक मुलगा आलाय, संस्थाचालकांचा भाचा. खराखुरा. तोही मला मावशी म्हणतो.

सर हल्ली घरून बाटली आणतात. सगळा मिळून हा एवढा फायदा.

घरी सासूबाईंनी विचारलं, "उठलीस का?"

"न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि निवडलेली मेथी माझ्यापुढे सरकवली. चिर म्हणून.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची माणसं चौकशीला येणार आहेत. हेड क्लार्क तीनदा येऊन गेले. "माफीच्या दोन ओळी लिहून दे, मिटवून टाकू. निकालही लागेल." परवा तर कागद आणि पेनच घेऊन आले. कागद कोराच परत दिला.

चौकशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे. तिथे टेबलासमोर तीन खुर्च्या असतात, मला माहीत आहे, रोज मीच पुसत होते. त्या दिवशी मला कुणी बस म्हणणार नाही.

मी मधली खुर्ची ओढणार आहे. आणि जे बोलायचं ते बसून बोलणार आहे.